गिटारीच्या पोटातला लेप

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या बाजारातून राइस मिलांकडं वळलं की डाव्या हाताला अंजनाबाईचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. ते दिसायच्या आधी ऐकू येतं. ‘हे ढोलकीची दोरी हाये का बैलाचं दावं?’ असा आवाज रस्त्यावर आला की समजावं, दुकान उघडं आहे आणि आत कुणीतरी मान खाली घालून बसलेलं आहे.

राग सगळ्यांनाच येतो. पण बहुतेकांना तो फुकटात मिळालेला असतो; अंजनाबाईचा कष्टाचा आहे. नवरा सोमाजी ढोलक्या मढवायचा, पेट्या दुरुस्त करायचा. गावोगावच्या भीमगीतांच्या गायन पार्ट्या त्याच्याकडंच यायच्या. तेव्हाही अर्धं काम अंजनाबाईचंच होतं, फक्त ते मागच्या खोलीत व्हायचं. सोमाजी गेला आणि ती पुढच्या खोलीत येऊन बसली. तर गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, ‘भाऊ कुठी आहे?’ भाऊ वारला म्हटलं तर म्हणायचं, ‘मंग काम कोण करते?’ समोर बाई बसलेली, मांडीवर ढोलकी, बोटं तिच्या मसाल्यानं काळी, आणि हे शहाणे विचारणार काम कोण करते! अशी काही वर्षं काढल्यावर कुणाचाही स्वभाव बिघडेल. तिचा आधीच काही फार गोड नव्हता.

दुसरा राग आधीच्या दुरुस्त्यांवर. पेटीच्या भात्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ, ढोलकीच्या चिरेत सिमेंट, तबल्याला खिळा, असलं काही दिसलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मग ती ते सगळं उपटून, खरवडून, वाद्य नागडं करून टाकायची आणि तिथून सुरुवात करायची. ‘आधी दुसऱ्याची घाण काढाची, मंग आपलं काम,’ असा तिचा नियम होता. आणि काम सुरू करण्याआधी ती वाद्याचा वास घ्यायची. नाक थेट भोकाला लावून. चामडं सडलंय का, उंदीर शिरलेत का, सरस कोणता वापरलाय, हे तिला नाक सांगायचं. सोमाजी म्हणायचा, अंजना डोळे मिटूनही दुकान चालवेल. तिला ते आवडायचं, आणि आवडतं म्हणून ती चिडायची.

धान निसवून लोंब्या धरत होत्या त्या दिवसांत चंदन तिच्या दुकानात आला. कुरखेड्याच्या पलीकडच्या जंगलगावातला गोंड माणूस, तिशी ओलांडलेला, झाडीपट्टीच्या एका नाटक कंपनीत गिटार वाजवणारा. त्यानं चादरीत गुंडाळलेलं काहीतरी बाकड्यावर ठेवलं आणि चादर सोडली.

अंजनाबाईनं गिटारी पाहिल्या होत्या. अशी नव्हती पाहिली. इतर गिटारींचं पोट पाटासारखं सपाट. हिचं मधोमध फुगलेलं, व्हायोलिनसारखं. गोल भोकाऐवजी दोन बाजूंना विळ्याच्या आकाराच्या दोन चिरा. तारा मागं जिथं अडकवलेल्या तिथं सायकलच्या मडगार्डचा पत्रा कापून बसवलेला. तारा ज्यावर टेकतात ती घोडी म्हशीच्या शिंगाची. आणि या सगळ्यावर मोपेडला मारतात तसला लालभडक चकचकीत रंग.

“हे कोणी केलं?”

“माह्या काकानं, बाई. पत्रूकाकानं. ढोल कोरते तो. शिवणीच्या लाकडाची आहे.”

“मी रंगाचं विचारून राह्यली! असा रंग कोण्या गाढवानं मारला?”

चंदननं सगळं सांगितलं. काका तरुणपणी नाटक पाहायला गेला. रंगमंच राहिला बाजूला, खाली बसलेल्या वाजवणाऱ्यांकडंच पाहत बसला. व्हायोलिनचं पोट भरलेलं आणि गिटारीचं चपटं, हे त्याला पटेना. ‘ही काऊन उपाशी?’ म्हणाला. घरी येऊन शिवणीचं खोड घेतलं आणि सुताराच्या वाकसानं कोरून कोरून पोटभर जेवलेली गिटार केली. नागपूरच्या एका वादकानं पुढं सांगितलं की परदेशात अशीला आर्चटॉप म्हणतात. काकाला परदेशाशी देणंघेणं नव्हतं. तिचा आवाज जाड, थोडा बसका, आणि सगळ्या पंचक्रोशीत ओळखीचा. चंदन त्याच गिटारीवर शिकला. बाजारातली दुसरी धरली तर हात परक्याच्या घरी गेल्यासारखा अवघडतो, असं म्हणाला.

मग कंपनीच्या मालकाला वाटलं, हा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. त्याच्या मेहुण्याचं मोबाइलचं दुकान. मेहुण्यानं कुणाला न विचारता गिटारीला ड्रिलनं भोक पाडलं, आत तारांचा आवाज स्पीकरकडं नेणारा स्वस्तातला पिकअप चिकटवला, घोडी हलते म्हणून तिला दोन स्क्रू मारले आणि वर रंग दिला. अशा गिटारीची घोडी हलणारीच असते. तारांच्या दाबानंच ती उभी राहते. स्क्रू मारल्यावर पोटाला चीर गेली. आता मालकच म्हणत होता, भाऊबीजेनंतर पहिला प्रयोग, तोवर गिटार धड झाली नाही तर तुझ्या जागी कीबोर्डवाला बसवतो.

“आन मेहुण्याले काई नाई म्हटलं त्यानं?”

“मेहुणा आहे ना, बाई.”

अंजनाबाई जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. मेहुण्याचा उद्धार झाला, मालकाचा झाला, आणि गिटार हातातून जाऊ दिली म्हणून चंदनचाही झाला. मग तिनं पदर खोचला. “चीर भरतो, पिकअप ढंगाचा बसवतो, घोडी मोकळी करतो. आवाज होता तसा देतो. बस तिथी.”

चंदन बसला. ती थिनरचा बोळा घेऊन रंग काढायला लागली. लाल रंगाखालून शिवणीचं फिकट पिवळं लाकूड वर येत गेलं तसा तिचा संताप वाढत गेला. इतकं देखणं लाकूड! वाकसाचे बारीक टवके अजून दिसत होते, पुरीवर बोटं उमटावीत तसे. “मेहुणा,” ती दर पुसण्यासरशी म्हणायची, “मेहुणा!” दुकानभर थिनरची घाण भरली. तिच्या नाकातोंडात, घशात, डोळ्यांत थिनर गेला. पण थांबायचं ते कशाला? तापवलेली सुरी घालून तिनं गिटारीची पाठ उकलली आणि आत पाहिलं.

आत, पोटाच्या खालच्या अंगाला, जाड तारेच्या बाजूला, एक काळा लेप थापलेला होता. तळहाताएवढा पसरलेला, मध्ये जाड, कडांना पातळ.

“डांबर!” अंजनाबाई ओरडली. “डांबर फासलं भडव्यानं!”

“बाई, ते नसन मेहुण्यानं...” चंदन उठला. “ते पैलेपासूनच आहे. काकानं...”

“तुह्या काकानं अशी वस्तू केली आन तो आतून डांबर फासन? बस खाली. तुमाले कळत नाई म्हणून तं ही वेळ आली वाद्यावर.”

चंदन बसला. आणि अंजनाबाईनं पटाशी घेऊन तो लेप खरवडला. सगळा. लाकडाचे छिलके निघणार नाहीत इतक्या बेतानं, पण खोबणीतला कणही ठेवला नाही. रागानं हात थरथरायला हवा. तिचा रागात उलट स्थिर होतो. काळे तुकडे टिनाच्या झाकणात गोळा करून तिनं बाकड्याखाली सरकवले. चीर सरसानं भरली, आतून पातळ पट्टी लावली, नवा पिकअप घोडीखाली असा बसवला की कुणाला दिसू नये. मेहुण्याचं भोक बुजवलं. पाठ लावून, सरस वाळायला दाबून ठेवली. काम सुंदर झालं होतं. तिला माहीत होतं.

सरस वाळला, तारा चढल्या, चंदन आला. त्यानं गिटार मांडीवर घेतली, वरच्या तारा छेडल्या. ठीक. मग जाड तार छेडली आणि ती जी घुमली ती थांबेचना. भोंऽऽ करून सगळं पोट थरथरायला लागलं. दुकानातल्या रिकाम्या ढोलक्यासुद्धा सोबत गुणगुणायला लागल्या. स्पीकर लावला तर तो किंचाळला. रस्त्यावरचं कुत्रं उठून पळालं.

“तार खराब आहे,” अंजनाबाई म्हणाली.

तार बदलली. भोंऽऽ.

“पिकअप खराब दिला त्या चंद्रपूरवाल्यानं.”

पिकअप काढला. भोंऽऽ.

“तूच जोरात मारून राह्यला!”

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर फेकली होती. चंदननं तळहात तारांवर ठेवला आणि आवाज बंद केला. “हा आवाज नाई, बाई,” इतकंच म्हणाला आणि गिटार तिथंच ठेवून गेला.

अंजनाबाईनं त्या दिवशी दोन गिऱ्हाईकं विनाकारण हाकलली. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंदेवाहीच्या पार्टीची ढोलकी करायला घेतली. ढोलकीच्या डाव्या तोंडाला आतून मसाला लावतात. तो नसला तर डावं तोंड नुसतं फडफडतं, घुमका येत नाही. राळ, कोळशाची पूड, तेल. तिनं ते परातीत मळायला घेतलं. थिनरची घाण एव्हाना दुकानातून गेली होती, नाक मोकळं झालं होतं. मसाला मळता मळता तिचा हात थांबला. तिनं बाकड्याखालचं टिनाचं झाकण ओढलं आणि काळ्या तुकड्यांना नाक लावलं.

राळ. कोळसा. आणि मोहाच्या बियांचं तेल.

डांबर नव्हतं. मसाला होता तो. ढोल कोरणाऱ्या माणसानं, ढोलाला लावतात तसाच, गिटारीच्या पोटाला आतून लावलेला लेप. ज्या वस्तूवर तिचं पोट चालत होतं, जी रोज तिच्या नखांत असायची, ती तिनं ओळखली नव्हती. जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुणी खरवडली असती तर समजण्यासारखं होतं. तिनं खरवडली होती. आणि चंदन सांगत असताना!

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणावर ओरडणार? तिनं परात भिंतीवर आपटली. तिला संताप आला तो असा की डोळ्यांतून पाणी निघालं, आणि पाणी निघालं म्हणून आणखी संताप आला.

स्वतःच्या मापानं लेप लावून पाहता आला असता. पण मूळ माप एकाच माणसाला ठाऊक होतं. तिनं चंदनला फोन केला. “चाल,” म्हणाली, “तुह्या काकाकडे.” काय झालं ते तिनं फोनवरच सांगून टाकलं, मधे श्वास न घेता. त्यानं वडशाला भेटायचं ठरवलं आणि फोन ठेवला.

ब्रह्मपुरीला एक गाडी बदलली, वडशाला दुसरी. वडशाला चंदन भेटला. कुरखेड्याच्या पुढं काळीपिवळी जीपमध्ये कोंबड्यांच्या टोपल्यांशेजारी बसून ती गिटार मांडीवर धरून गेली. चंदन शेजारी होता आणि खिडकीबाहेर पाहत होता. त्याच्या गप्प राहण्याचा तिला राग येत होता. चार शिव्या दिल्या असत्या तर हिशेब बरोबर झाला असता.

पत्रू अंगणात बांबू तासत बसला होता. म्हातारा, काटक, भुवया दाट. त्याची बायको कलाबाई बाहेरच्या चुलीवर काहीतरी शिजवत होती. तिनं पाणी दिलं. अंजनाबाईनं पाणी प्यायच्या आधीच सांगितलं.

“पत्रूभाऊ, आतला लेप मी खरवडला. डांबर समजली. हे पाहा, सगळे तुकडे आणले.” तिनं पिशवी पुढं केली. “माप सांगा. जसाच्या तसा लावून देतो.”

शिव्या खायची तिची तयारी होती. पत्रूनं गिटार घेतली, पोटावर बोटाच्या पेरानं ठोकलं, मान हलवली. मग पिशवी घेतली आणि सरळ चुलीत टाकली. राळेनं भडका घेतला. कलाबाई मागं सरली.

“भाऊ!”

“जळू दे!” म्हातारा कडाडला. “तुले काय वाटते बाई, तू माही कारागिरी खरवडली? माही चूक खरवडली तू! वाकस सटकला हातातून. जाड तारेच्या अंगाचं पोट पातळ होऊन गेलं. फेकाले जीव होईना. मंग थापला ढोलाचा लेप आतून. लोक म्हणे, वा पत्रू, काय आवाज! तो ‘वा’ ऐकला का मले चटका बसे. येवढी वर्सं! आता बरं झालं निघाला. बांबूची फासळी बसवतो आतून, ताठ करतो, आन आवाज करतो मोकळा. जसा पैलेच कराचा होता.”

“खबरदार!” अंजनाबाई उठली. “तुमची चूक असो का काई असो, तोच तिचा आवाज आहे. मी शब्द देला आहे, होता तसा देतो म्हणून.”

“गिटार माही आहे!”

“केली तुमी. दुरुस्तीले माह्याकडे आहे.”

पत्रूनं गिटारीची मान धरली होती, अंजनाबाईनं मडगार्डच्या पत्र्याकडचं टोक. दोघंही सोडेनात. शेजारची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. ती म्हणत होती, म्हाताऱ्याले अक्कल नाई. तो म्हणत होता, ढोलकीवाल्या बाईनं ढोलकी पाहावी. दोघंही वाद्यावरच्या मायेनंच भांडत होते आणि दोघांच्या ओढाताणीत नुकती भरलेली चीर करकरत होती.

“सोडा!”

चंदनचा इतका मोठा आवाज कलाबाईनंही कधी ऐकला नव्हता.

“सोडा दोघंबी! काकाले लाज मिटवाची आहे, बाईले शब्द पाळाचा आहे. वाजवते कोण? मी वाजवतो! तिचं पोट कुठी पातळ आहे ते मले नाई मालूम का? माह्या बोटायले मालूम आहे. त्या जाड तारेवर कितीक दाबाचं, कवा सोडाचं, ह्याच्यातच माहा हात घडला. मेहुण्यानं भोक पाडलं, मले नाई विचारलं. बाई, तुमी खरवडून राह्यले तवा मी बोलाले गेलो, तं मले बस म्हटलं. आन तू, काका! हातात देली तवाबी सांगतलं नाई आत लेप काऊन आहे, आन आता चुलीत टाकलं तवाबी विचारलं नाई. सगळे तिले सुधरवून राह्यले. एकानं तरी विचारलं का, चंदन, तुले कशी पायजे?”

पत्रूचा हात सुटला. अंजनाबाईचाही सुटला. गिटार चंदनच्या हातात राहिली.

“विचारा ना मंग,” कलाबाई चुलीपाशून म्हणाली.

अंजनाबाईचा राग अजून होता, पण तो आता कुणाकडं रोखावा हे तिला समजेना. “सांग,” ती म्हणाली. “कशी पायजे?”

हा प्रश्न चंदनलाही नवीन होता. तो ओट्यावर बसला, जाड तार छेडून पाहिली, ऐकली, पुन्हा छेडली. मग म्हणाला, “घुमू दे थोडी. पैले लयच दाबून होती ती. किंचाळू नये येवढंच. फासळी नको. आन लेप मी लावीन.”

पत्रूनं घरातून राळ काढून दिली. कलाबाईनं मोहाचं तेल दिलं. अंजनाबाईनं कोळसा कुटला, मसाला मळला, सुरी तापवून गिटारीची पाठ पुन्हा उकलली आणि बाजूला सरून बसली. चंदननं अंगठ्यानं लेप लावायला सुरुवात केली. थोडा लावायचा, पोटावर टिचकी मारायची, कान द्यायचा, पुन्हा थोडा. हात नवखा होता. लेप कडेकडं सरकत चालला होता; अंजनाबाईला तो सरळ सरळ चुकताना दिसत होता. शब्द तिच्या जिभेवर आले. तिनं पत्रूकडं पाहिलं. त्याचेही ओठ हलले होते. दोघांनी एकमेकांकडं असं पाहिलं की पुन्हा भांडणच होईल, आणि दोघांनीही तोंड मिटून घेतलं. मनात येईल ते बोलायची सवय असलेल्या बाईला हे किती जड गेलं असेल ते तिलाच माहीत.

पाठ चिकटून तारा चढल्या, तेव्हा आवाज आधीसारखा आला नाही. आधीपेक्षा खोल आला, आणि तार सोडल्यावर मागं किंचित रेंगाळणारा. चंदननं डोळे मिटून बराच वेळ वाजवलं. भाऊबीजेनंतरच्या पहिल्या प्रयोगाला तो आपल्या जागेवर बसला. मालकानं विचारलं, आवाज बदलला का रे? चंदन म्हणाला, हो.

अंजनाबाईचा राग काही गेलेला नाही. मध्यंतरी एका गायन पार्टीचा पेटीवाला दुकानात बसून म्हणाला, चंदनची गिटार ऐकली बाई, बेस जरा जास्त वाटते. ती ताडकन उठली. “वाटनच! लेप एक बोट बाजूले लागला आहे, मले कळत नाई का? डोळ्यानं पाह्यलं मी!”

“मंग काढून बरोबर काऊन नाई करत?”

हातातली ढोलकी खाली ठेवून ती त्याच्यावर ओरडली, “मले काय विचारता? त्याले विचारा!”